पाण्याची जीप

ताडपत्रीचं एक टोक वर केलं आणि आधी वास आला. गंजाचा, डिझेलचा, वर्षानुवर्षं उन्हात तापून गार झालेल्या रेक्झिनचा, आणि या सगळ्यांच्या तळाशी सुक्या मासळीचा. मी तिथे जीप बघायला गेले नव्हते. घोडबंदरला माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीच्या भाचीची हळद होती. मांडवात गाण्यांचा दणका सुरू होता, आणि कानांना जरा विसावा म्हणून मी शेजारच्या अंगणात येऊन उभी राहिले होते. तिथे चिंचेखाली निळ्या ताडपत्रीत काहीतरी झाकून ठेवलेलं होतं. एका बाजूने गोल दिवा तेवढा बाहेर आलेला, त्याच्या काचेवर पाखरांनी घाण केलेली. तो दिवा मी ओळखला. काही वस्तू चेहऱ्यासारख्या ओळखू येतात.

"हात लावू का?" ओट्यावर जाळं दुरुस्त करत बसलेल्या माणसाला मी विचारलं.

"लावा की. हात काला होईल, मंग बोलू नका."

हे हरेश्वर म्हात्रे. साठीच्या पुढचे, पिढ्यान् पिढ्या खाडीत मासेमारी करणाऱ्या घरातले. त्यांनी जाळं बाजूला ठेवलं आणि उठून ताडपत्री पुरती ओढून काढली. हिरवा रंग पोपडे धरून सुटलेला, पुढची काच धुरकटलेली, छताचं कापड फाटून लोंबत होतं. पण बांधा तोच. सपाट नाक, बाहेर काढलेल्या खांद्यांसारखे मडगार्ड, दार नावाची भानगडच नाही.

"बसा पन. गारी रुसलीय, चावत न्हाय."

मी साडी सावरून चाकामागे बसले. डावा हात आपोआप खाली गेला आणि गिअरच्या दांड्याच्या गोळ्यावर टेकला. तो गोळा गार होता, आणि इतक्या हातांनी घासून घासून गुळगुळीत झालेला होता की बोटांना धरायला काही उरलंच नव्हतं. शेजारच्या मांडवातली गाणी हळूहळू लांब गेली.

आम्ही गिरगावातल्या दोन खोल्या सोडून मीरा रोडला राहायला आलो तेव्हा मी तिसरीत होते. चार मजल्यांच्या तीन इमारती, आणि चारी बाजूंना मिठागरं. आज तिथे उभं राहून कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल, पण आमच्या गॅलरीतून उन्हाळ्यात मिठाचे ढीग दिसत. तिन्हीसांजेला सगळं काळवंडून गेल्यावरसुद्धा ते ढीग पांढरेच राहत, जणू उजेड शेवटी तिथेच जाऊन बसायचा. वारा सुटला की ओठांवर चव यायची. दोरीवरचे कपडे वाळून कडक व्हायचे. जिन्यात खेकडे यायचे आणि पहिल्या मजल्यावरच्या कर्णिक काकू पायरीवर झाडू आपटत त्यांना हिंदीत दटावायच्या, का ते माहीत नाही, पण हिंदीतच. संध्याकाळी बेडकांचा आवाज इतका मोठा असायचा की रेडिओ मोठा करावा लागे.

रस्ता असा नव्हताच. स्टेशनपर्यंत एक बांध जायचा, आणि त्यावरून पुरुषमंडळी बूट पिशवीत घालून, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून ऑफिसला निघायची. स्टेशनजवळच्या नळावर पाय धुवायचे, बूट घालायचे आणि साहेब व्हायचं.

मग जीप आली. कुठल्याशा लिलावातून चार घरांनी मिळून घेतली होती. आम्ही, कर्णिक, दुसऱ्या मजल्यावरचे सावंत, आणि आमच्या समोरच्या दारातले मेहता. ती मुळात लष्करी हिरव्या रंगाची होती म्हणे, पण आमच्याकडे आल्यावर तिला इमारतीच्या ग्रीलला लावून उरलेला चॉकलेटी रंग देण्यात आला, त्यामुळे ती लांबून मोठ्या पेटीसारखी दिसे. तिला तीनच गिअर होते. किल्ली फिरवून ती सुरू होत नसे. खाली एक लोखंडी बटण होतं, ते टाचेने दाबावं लागे. मग ती आधी खोकायची, सगळ्या अंगाने थरथरायची आणि एकदाची बोलायला लागायची. सकाळी तो खोकला ऐकू आला की आम्ही मुलं दप्तरं घेऊन धावत सुटायचो. बाबा चालवायचे. स्टेशनला जाताना आत किती माणसं असत, हे कुणी मोजलं नाही. मागच्या फळीवर उभे राहिलेले सावंत काका छताची कांब धरून मोठ्याने बातम्या सांगत असत, कारण पेपर फक्त त्यांच्याकडे येई.

त्या जीपचं आम्हांला काय काय आठवतं, हे सांगत बसले तर दिवस जाईल. दसऱ्याला तिला झेंडूची माळ, चाकाखाली लिंबं, आणि कर्णिक काकूंनी बॉनेटवर काढलेलं कुंकवाचं स्वस्तिक, जे पुढे कितीतरी दिवस पुसट होत राहायचं. एप्रिलमध्ये रविवारी जीप उभी असली की बॉनेटवर स्वच्छ धोतर पसरून मेहतांच्या घरच्या खिचिया पापडांच्या जोडीला आमचे पोह्याचे पापड वाळायचे. भाईंदरहून गणपती आणताना बाबा इतक्या हळू चालवायचे की आम्ही बाजूने चालत पुढे निघून जात असू. आणि वर्षातून एखादा रविवार उत्तनच्या किनाऱ्याचा. पुढची काच बॉनेटवर आडवी पाडायची, मग वारा तोंडावर असा यायचा की बोललेलं वाक्य मागच्याच्या कानात जाऊन पडे. बांबूंवर वाळत घातलेल्या बोंबलांच्या रांगा, नाकाला रुमाल लावून बसलेल्या मेहता काकी, आणि "अहो, हा वास नाही, ही हवा आहे," असं त्यांना समजावणारे सावंत काका.

पण जीप खरी आईची झाली ती पाण्यामुळे.

इमारतीला नळ होते, पाणी नव्हतं. टँकर कधी यायचा, कधी नाही. पुरुष सकाळी जायचे ते दिवे लागल्यावर यायचे, आणि जीप दिवसभर स्टेशनबाहेर उन्हात तापत उभी असायची. एका रविवारी बाबांनी आईला चाकामागे बसवलं. मला तो बांध आठवतो, दोन्ही बाजूंना वाळत आलेलं मीठ, आणि मधून जीप, दचके खात, बंद पडत, पुन्हा खोकत. आईने चपला काढून ठेवल्या होत्या. चप्पल घालून तिला क्लच कळत नसे. पदर कमरेला खोचलेला, कपाळावरचं कुंकू घामाने ओघळलेलं, आणि ओठ घट्ट मिटलेले. बाबा बाजूला बसून "सोड, हळू सोड, हळू गं" म्हणत होते. आम्ही मुलं मागून धावत होतो. शेवटी एकदा ती बांधाच्या टोकापर्यंत न थांबता गेली. तिथे जाऊन तिने वळून पाहिलं, तेव्हा ती हसत होती. आईचे सगळे दात मला तेव्हा पहिल्यांदा दिसले असावेत.

त्यानंतर बाबा स्टेशनला पायी जायला लागले आणि जीप घरी राहू लागली. घोडबंदरच्या वाटेवर एका वाडीत गोड्या पाण्याची विहीर होती. आई जीपमध्ये पिंपं घालून तिथे जाई. सुट्टी असली की मीही. रहाटाचा किरकिराट, पोहऱ्यातून पिंपात पडणारं पाणी, आणि पिंप भरत आलं की बदलत जाणारा त्याचा सूर. वाडीतली एक आजी पाण्यावर तगरीची पानं टाकून द्यायची. पानं असली की पाणी हिंदकळून सांडत नाही. वर ओलं गोणपाट बांधायचं आणि निघायचं. परतीच्या वाटेवर आई फार बोलत नसे. भरलेली जीप वेगळी चालते, असं ती म्हणायची. इमारतीच्या दाराशी बायका हंडे घेऊन रांगेत उभ्या असायच्या आणि लांबूनच जीपचा आवाज ऐकून ओळखायच्या की आज पिंपं पूर्ण भरलेली आहेत की नाही.

आणि एक दिवस उधाणाचा. भरतीचं पाणी मिठागरांतून चढून बांधावर आलं होतं, रस्ता कुठे संपतो आणि खाजण कुठे सुरू होतं काही कळत नव्हतं. सावंत काकूंचं तान्हं बाळ तापाने फणफणलं होतं, आणि मग त्याचे डोळे फिरायला लागले. घरात पुरुष कुणी नव्हता. आईने काही विचारलं नाही, कुणाला सांगितलं नाही. ती खाली गेली आणि जीप खोकली. सावंत काकू पुढे बाळाला छातीशी धरून, मागे मी. पाणी चाकांच्या मध्यावर आलेलं. आईने मोठ्या दांड्याशेजारचा छोटा दांडा ओढला, ज्याने चारही चाकांना जोर येतो, आणि पाण्यात शिरली. मला आवाज आठवतो. इंजिनाचा जड, एकसुरी, न थांबणारा, आणि खालून पत्र्याला थडकणारं पाणी. आईची नजर समोर उभ्या असलेल्या तिवरांच्या रांगेवर होती. बांध त्या रांगेला लागून जातो एवढंच तिला ठाऊक होतं. सावंत काकू "देवा, देवा" म्हणत होत्या. आई एकदाच बोलली. म्हणाली, "बाळाचं डोकं सांभाळा, पुढे खड्डा आहे." पाण्याखालचा खड्डा तिला पाठ होता.

भाईंदरला डॉक्टरांच्या दारात ती अनवाणीच उतरली. बाळ वाचलं. ते आता पन्नाशीकडे झुकलंय, पुण्याला असतं, आणि त्याला यातलं काहीही आठवत नाही, जे योग्यच आहे.

मग नळाला पाणी आलं. त्या दिवशी बायकांनी नळाला हळदकुंकू वाहिलं. मग रस्ता झाला, बस आली, रिक्षा आल्या. आणि एका दुपारी मी शाळेतून आले तर जीपच्या जागी तेलाचा काळा डाग तेवढा होता. घरात बाबा लवकर आलेले, टेबलावर जिलब्यांचा पुडा. आई आमटीला फोडणी देत होती. "जीप?" मी विचारलं. "गेली," ती म्हणाली आणि झाकण ठेवलं.

त्यानंतर आईने कुठलीही गाडी चालवली नाही. मला ते कधी विचित्रही वाटलं नव्हतं.

"विकायची हाय," म्हात्रे म्हणाले, तेव्हा मी भानावर आले. त्यांच्या पत्नी, सुगंधावहिनी, मांडवातून येऊन ओट्यावर बसल्या होत्या. "दोघं पोरं येऊन ग्येली बघायला. येकाला तिचा सांगाडा कापून मोठाली चाकं लावायची व्हती. दुसरा बोलला, हाटेलच्या दारात शोपीस म्हनून ठेवतो. मी बोललो, न्हाय. आमच्या बाबाची हाय ती. जालीबी वाहिली तिनं, मासलीबी वाहिली. ही वरातीत आली ती पन हिच्यातच."

"पाऊस व्हता," सुगंधावहिनी म्हणाल्या. "छत गलत व्हतं. मी भिजून आली सासरी."

"तुमी घेनार तर चालवनार कोन? मालक?"

"मी," मी म्हणाले. मग माझ्या तोंडून निघून गेलं, "माझी आई चालवायची. इथेच वाडीवर यायची, पाणी न्यायला."

म्हात्र्यांनी एकवार जीपकडे बघितलं, एकवार माझ्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, आठवल्यासारखं नाही, पटल्यासारखं. "मंग घ्या," ते म्हणाले.

घरी येऊन सुधीरला, माझ्या नवऱ्याला, सांगितलं तेव्हा मी मनात सगळी उत्तरं तयार ठेवली होती. मी नुकतीच ऑफिसातून निवृत्त झाले होते, आणि निवृत्तीनंतर बायका वेगळं काहीतरी करतात, योगासनं, भिशी, केरळची सहल. त्याने चहाचा घोट घेतला आणि विचारलं, "चालू आहे?"

"नाही."

"परवडेल?"

"नवी स्कूटर घेण्यापेक्षा थोडं जास्त."

"घे मग. पार्किंगचं सेक्रेटरीशी मी बोलतो. तू बोललीस तर भांडण होईल." त्याच्या या वाक्याने मला जेवढा धीर आला तेवढा त्याला स्वतःलाही माहीत नसेल.

जीप न्यायला आम्ही गेलो तो दिवस. आमच्या मीरा रोडच्याच हाटकेश भागातल्या गाळ्यातले अन्सारीभाई, जे सुधीरच्या गाडीचं काम करतात, बॅटरी आणि डिझेलचा डबा घेऊन बरोबर होते. ते बराच वेळ बॉनेटखाली वाकून राहिले. कोंबड्या त्यांच्या पायांत घुटमळत होत्या. मग ती खोकली. चिंचेवरचे कावळे उडाले. काळा धूर अंगणभर पसरला, आणि थरथरत, थांबत, पुन्हा थरथरत ती बोलायला लागली. म्हात्र्यांनी तोंड फिरवून उगीचच जाळ्याची गाठ तपासली.

"मॅडम, इंजिन में दम है," अन्सारीभाई म्हणाले, "ब्रेक में बिलकुल नहीं. आप मत चलाइए, मैं ले जाता हूँ. भगवान का नाम लेके."

सुगंधावहिनींनी चाकासमोर नारळ फोडला. माझ्या हातात सुक्या जवळ्याची पिशवी ठेवली. "आईला द्या," त्या म्हणाल्या. मग बॉनेटवर हात ठेवून जीपशी काहीतरी पुटपुटल्या, जे माझ्यासाठी नव्हतं, म्हणून मी ऐकलं नाही.

गाळ्यात तिचं काम चालू असताना मी रोज एक चक्कर मारत असे. अन्सारीभाईंना सुरुवातीला वाटलं, मी लक्ष ठेवायला येते. मग त्यांनी माझ्यासाठी एक स्टूल ठेवलं. ग्रीसचा वास, वेल्डिंगच्या ठिणग्या, शेजारच्या गाळ्यात चाललेल्या प्रेसचा ठोका. ब्रेक झाले, नळ्या बदलल्या. केबिन रोडच्या गर्दीत फिरून मी सीटसाठी रेक्झिन आणि छतासाठी जाड कापड आणलं. दुकानदार गुजराती होता, त्याने विचारलं, "रिक्षा छे?" मी म्हटलं, "नहीं, जीप." त्याने दोन हात कापड जास्त मोजलं आणि म्हणाला, "जूनी चीज़ है, थोडा जास्ती रखो." रंग मात्र मी बदलला नाही. हिरवाच ठेवला, पोपडे खरवडून. ती आमची चॉकलेटी जीप नव्हती, आणि तिला तसं सोंग आणायला लावणं मला बरं वाटेना. तिला तिचं आयुष्य होतं.

शेवटी मी ती स्वतः चालवत सोसायटीत आणली. आई माझ्याकडेच राहते. जुनी इमारत पुनर्विकासाला गेली तेव्हापासून, बाबा गेल्यानंतर वर्षभराने. मी खालून हॉर्न वाजवला. सातव्या मजल्याच्या गॅलरीत आईचं पांढरं डोकं दिसलं. मी हात हलवला. ती जरा वेळ वाकून बघत राहिली आणि आत गेली.

वर आले तर ती सोफ्यावर बसून वाटाणे सोलत होती.

"कुणाची?"

"आपली."

"कशाला?"

 इतके दिवस ज्या क्षणाची मी वाट बघत होते तो असा होता. "खाली येतेस? बघायला?"

"बघितली की. इथनं दिसते." आणि वाटाण्याची एक शेंग तिने जरा जोराने फोडली.

पुढचे काही दिवस जीप खाली उभी होती, मी रोज तिला पुसत होते, वॉचमनची मुलं तिच्यात बसून तोंडाने आवाज काढत होती, आणि आईने तिचा विषय काढला नाही. मला वाईट वाटलं, हे कबूल करायला काय हरकत आहे. सुधीर म्हणाला, "त्यांना वेळ दे." मी म्हटलं, "अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी?" 

मग एका दुपारी आम्ही दोघी सुगंधावहिनींनी दिलेला जवळा निवडत बसलो होतो. ताटात गुलाबी-करडा ढीग, त्यातून बारीक कचरा, शिंपल्याचे कण वेगळे काढायचे. घरभर खाडीचा वास. आई मान खाली घालून म्हणाली,

"तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं."

मला आधी कळलंच नाही. "कधी?"

"जीप दिली तेव्हा. चौघांनी गच्चीत बसून ठरवलं. हे घरी आले ते जिलब्या घेऊन. म्हणाले, आता तुझे कष्ट संपले, पाणी भरायला जायला नको. इतके खूश होते. काय बोलणार मी? जिलबी खाल्ली."

"तू कधी बोलली नाहीस."

"वाईट नव्हते गं ते. त्यांना खरंच वाटत होतं, माझी सुटका केली." तिने शिंपल्याचा एक कण बोटावर घेऊन बघितला आणि बाजूला टाकला. "कष्ट होतेच. कंबर धरायची. पण विहिरीवर जायच्या आधी मी रोज खाडीवर जायची. तुला माहीत नाही. तू नसायचीस तेव्हा. अगदी काठाला न्यायची, इंजिन बंद करायची, आणि पाय वर टाकून बसायची. डॅशबोर्डवर."

"तू?"

"मग कोण? हे बघते तर फेफरं आलं असतं त्यांना." ती हसली, मग थांबली. "घरात सासू, इमारतीत एवढी माणसं, खालपासून वरपर्यंत सगळ्यांना पाणी हवं. त्या काठावर कुणाला काही नको असायचं. एखादी होडी जायची. इंजिन गार होताना आवाज करतं बघ, टिक टिक, तेवढाच आवाज. मग निघायचं. ती गेली आणि ते गेलं. पाणी नळाला आलं, आता खाडीवर कशाला जाते म्हणून सांगणार कुणाला?"

 त्या आमटीच्या, जिलबीच्या दिवशी मी तिच्यापासून हातभर अंतरावर उभी होते. चाळीस वर्षं मी जी जीप आठवत होते ती पाण्याची होती, बाळाची होती, आमच्या सगळ्यांची होती. तिची जीप मला ठाऊकच नव्हती.

"तू आणलीस, मला राग आला," आई म्हणाली. "वाटलं, आता आणून काय उपयोग? माझा गुडघा वाकत नाही. क्लच कोण दाबणार?"

"मी दाबीन."

 मी काय बोलले ते मला तेव्हा नीट कळलं नव्हतं.

रविवारी सकाळी सुधीरने तिला हाताला धरून खाली आणलं आणि डाव्या सीटवर बसवलं. पायाखाली एक पाट ठेवला, म्हणजे गुडघ्याला ताण नको. वॉचमनने गेटसमोरच्या स्कूटर्स बाजूला केल्या. "माँजी, संभाल के," तो म्हणाला. आईने पदर कमरेला खोचला.

मी टाचेने बटण दाबलं. ती खोकली, बोलली. क्लच दाबून पहिला गिअर टाकला आणि असा कर्रर्र आवाज झाला की गॅलरीत दोन माणसं आली.

"दात पाडशील तिचे," आई म्हणाली. "हिचा पहिला तसा पडत नाही. थांबावं लागतं तिच्यासाठी. हात काढ."

"काय?"

"हात काढ म्हणते ना. तू चाक बघ आणि पाय बघ." तिचा उजवा हात दांड्यावर आला. सुरकुतलेला, शिरा वर आलेल्या, एकच पातळ बांगडी. तिने तो गोळा मुठीत धरला नाही, त्यावर नुसता तळवा ठेवला. डोकं किंचित तिरकं करून ऐकलं. "दाब."

मी दाबला. तिने क्षणभर वाट बघितली. दांडा पुढे गेला, आवाज नाही.

"सोड. हळू."

आम्ही गेटबाहेर पडलो. सुरुवातीला माझा पाय मागे पडत होता, तिचा हात पुढे. काशिमीऱ्याच्या नाक्यापर्यंत दोनदा बंद पडली, मागच्या टेम्पोवाल्याने काहीतरी हिंदीत सुनावलं, आई त्याला मराठीत म्हणाली, "जा की बाबा पुढे." मग हायवे आला आणि आमचं जमायला लागलं. दाब, सोड. तिला बोलावं लागेनासं झालं. तिचा तळवा जरा हलला की मला कळे. उजेड अजून कोवळा होता. ट्रक आमच्या बाजूने धडधडत जात होते आणि छताचं नवं कापड फडफडत होतं. तिचे केस सुटून तोंडावर येत होते. ती ते मागे सारत नव्हती, कारण हात मोकळा नव्हता.

घोडबंदर मागे पडलं. मी विचारलं, "खाडीवर घेऊ खाली?"

"येताना," ती म्हणाली. "आत्ता चालू दे."

पुढे गायमुखचा चढ लागला. समोर एक लादलेला ट्रक गुरगुरत वर जात होता. आमचं इंजिन जड व्हायला लागलं. ते जड झाल्याचं मला कळायच्या आत तिचा तळवा दांड्यावर घट्ट झाला. मी दाबला. तिने थांबून ऐकलं, दांडा खाली आणला, आणि मी सोडला. जीप एकदा दबली, जणू बूड टेकून बसली, आणि मग चढायला लागली. संथ, एकसुरात, न थांबता.

वर वळणावर झाडं विरळ झाली आणि डावीकडे, आईच्या बाजूला, खाडी उघडी पडली. भरती होती, पाणी काठापर्यंत आलेलं, एक होडी वाटेला लागलेली. "आई, बघ," मी म्हणाले.

तिने बघितलं नाही. तिचं लक्ष रस्त्यावर होतं.